रूथ, तूर आणि धुऱ्यावरचा फोन

इथे मेलबर्नला मुलांचं धर्मशिक्षण म्हणजे रविवारचा एक तास. मोठी माणसं उपासनेत, मुलं मागच्या खोलीत संडे स्कूलला. बाहेर येतात ती रंगवलेलं नोहाचं तारू घेऊन, आणि ते आठवडाभर फ्रिजवर लटकतं. शिकवणाऱ्या बाया मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण यात खरी सोय आम्हा आईबापांचीच होते, असं माझं मत होत चाललंय.

इथली उन्हाळी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत येते. गेल्या वेळी पोरांना घेऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले. नाताळ झाला, चर्चमध्ये पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं झाली, आणि मग तुरीची सोंगणी लागली.

कापलेल्या तासात खाली शेंगा पडल्या होत्या. माझा मुलगा त्या गोळा करून टोपीत भरायला लागला. आई पेंढी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे थे. सरव्याले बाया येतीन."

"पण आजी, शेत तर आपलं आहे!"

"मंग काय झालं? बवाजाचंबी शेत त्याचंच होतं."

आणि पेंढ्या बांधता बांधता तिनं बायबलातल्या रूथची गोष्ट सांगितली. नवरा मेलेली, परक्या मवाब देशातली सून सासूसोबत बेथलेहेमला येते, जवाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा, म्हणजे कापताना खाली राहिलेलं धान्य, वेचते. शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम थोडं उपसून टाका, तिला रागावू नका. जेवायच्या वेळी तिला भाजलेले दाणे देतो. "हुरडा?" पोरानं विचारलं. "तसंच समज," आई म्हणाली. शेताचे कोपरे कापू नका, सरवा गोळा करू नका, तो गरिबांसाठी आणि परदेशी माणसासाठी सोडा, ही आज्ञा बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आहे, हेही तिनं सांगून टाकलं. अध्याय तिला तोंडपाठ.

पोरगा जरा थांबून म्हणाला, "म्हणजे रूथ आपल्यासारखी होती? बाहेरून आलेली?"

"हो ना बाप्पा. परमुलखातलीच."

संडे स्कूलच्या चित्रात रूथच्या हातात कणसं होती, पण हा प्रश्न त्याला तिथे पडला नव्हता. बाबा मात्र कुरकुरले. मजुरी, फवारणी, तुरीचा भाव, सगळं मोजून दाखवलं. तुझ्या आईचं धर्मशास्त्र आपल्याला परवडत नाही म्हणाले. त्यांचंही खोटं नाही. तरी खालच्या शेंगा त्यांनी उचलल्या नाहीत.

इथे परत आल्यावर शेत कुठून आणायचं? म्हणून आता जेवणानंतर आईला फोन लावतो. आमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे दुपारचे तीन. ती शेतातच असते. घरापेक्षा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रेंज बरी मिळते, पण तिचाही भरवसा नाही. सध्या योनाची गोष्ट चालू आहे, आणि काल फोन कटल्यामुळे योना अजून माशाच्या पोटातच आहे.