चॉकलेटची नाणी आणि आमच्या गावची दंगल

2023-24 च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या फुटबॉल प्रेक्षकांनी स्वतःच्याच टीमचे सामने बंद पाडले. सामन्याची पहिली 12 मिनिटं सगळं स्टेडियम गप्प, मग मैदानावर सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी, मग टेनिसचे चेंडू. कुठे धूर सोडणाऱ्या रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्याही सोडल्या. रेफरी बिचारा हातावर हात धरून उभा, खेळाडू चेंडू वेचताहेत. तिकिटाला पैसे मोजायचे, थंडीत कुडकुडायचं आणि वर हे! मी एक क्लिप आप्पांना अमळनेरला पाठवली. लगेच फोन आला, "काय व्हयनं रे? हारनात का?"

हरले नव्हते. आज हे सगळं आठवायचं कारण आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे, पण तिथे सावकाश येतो.

भानगड अशी होती. बुंडेसलिगा ही जर्मनीची मोठी फुटबॉल लीग चालवणाऱ्या डीएफएल या संस्थेला टीव्हीच्या हक्कांतून येणाऱ्या पैशातला 8 टक्के वाटा 20 वर्षांसाठी एका गुंतवणूक कंपनीला द्यायचा होता, बदल्यात सुमारे 100 कोटी युरो. डिसेंबर 2023 मध्ये 36 क्लबांचं गुप्त मतदान झालं. दोनतृतीयांश, म्हणजे 24 मतं हवी होती आणि बरोबर 24 पडली. त्यातही हॅनोव्हरच्या क्लबने आपल्या प्रतिनिधीला 'विरोधात मत दे' म्हणून सांगितलेलं, आणि त्याने नेमकं काय केलं याबद्दल सगळ्यांना संशय. लोक भडकले. एका प्रेक्षकाने एक चेंडू फेकला तर पोलीस उचलतील, पण सगळ्या स्टेडियमला कोण उचलणार? 21 फेब्रुवारी 2024 ला डीएफएलने तो व्यवहार गुंडाळला.

आपल्याकडे आयपीएलचे 2023 ते 27 चे हक्क 48,390 कोटींना गेले तेव्हा आम्ही मित्रांनी काय केलं होतं? एकमेकांना आकडा फॉरवर्ड केला होता. अभिमानाने. जणू त्यातले हजारभर कोटी पारोळा नाक्यावर वाटले जाणार होते.

मी जर्मनीत डॉर्टमुंडला नोकरी करतो. ऑफिसातला एक सहकारी मूळचा इथलाच. आजोबा कोळशाच्या खाणीत. इथली शेवटची खाण 1987 मध्ये बंद झाली, पुढेमागे बिअरचे बरेचसे कारखाने आणि पोलादही गेलं. "उरलं काय? क्लब," असं तो म्हणतो आणि पुढे अर्धा तास बोलतो. जेवणाच्या सुट्टीत याच्या शेजारी बसायचं तर वेळ काढून बसावं. त्याच्याकडून मला जर्मनीचा तो प्रसिद्ध नियम कळला, पन्नास अधिक एक. 1998 मध्ये क्लबांना आपल्या व्यावसायिक टीमची कंपनी काढायला मुभा मिळाली, पण एक अट घालून: कंपनीतली निम्मी आणि वर एक एवढी मतं मूळ क्लबच्या, म्हणजे वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या हातात राहिली पाहिजेत. पैसा कोणीही घाला, पण शेवटचा शब्द सभासदांचा. डॉर्टमुंडच्या क्लबचे असे दोन लाखांहून जास्त सभासद आहेत. मीही झालो. भरलेली वर्गणी वसूल करावी म्हणून सर्वसाधारण सभेचा अजेंडा जर्मन डिक्शनरी घेऊन वाचतो, हे बायकोला माहीत आहे आणि ती हसते.

अमळनेरच्या माणसाला मालकी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. 1945 मध्ये गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचंच पुढे विप्रो झालं. ज्या घरांनी जुने शेअर जपले त्यांच्या कहाण्या तुम्ही ऐकल्याच असतील. (आमच्या आजोबांनी विहिरीसाठी विकले. हा विषय घरात काढायचा नसतो.) त्यामुळे सभासदत्वाचं ऐकून आप्पांचा पहिला प्रश्न, "मंग डिव्हिडंड कितला येस?" काही येत नाही म्हटल्यावर त्यांचा रसच गेला. मग मी सांगितलं की डॉर्टमुंडचा शेअरही मिळतो, शेअर बाजारात उतरलेला जर्मनीतला हा पहिलाच क्लब. "मंग शेअर लई ठेव ना!"

हा शेअर 2000 मध्ये 11 युरोला निघाला. आज त्याच्या निम्म्यालाही नाही. आणि शेअर कितीही घेतले तरी कारभार ज्यांच्या हातात, ती कंपनी क्लबचीच. म्हणजे शेअरवाल्याकडे पैसा आहे पण सत्ता नाही, आणि सभासदाकडे मत आहे पण त्याला पैसा मिळत नाही. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही तर आपली सोसायटी झाली." विकास सोसायटी म्हणायचं होतं त्यांना. आप्पांनी सोसायटीच्या निवडणुका पाहिल्या आहेत, एका पतसंस्थेत ठेवही अडकलेली आहे, त्यामुळे ते काही कौतुकाने म्हणाले नव्हते.

आणि त्यांचं अगदीच चूक नव्हतं. सभासदांची मालकी असूनही 2005 मध्ये हाच डॉर्टमुंड दिवाळखोरीच्या दारात उभा होता. त्याआधीच्या अडचणीत चक्क बायर्न म्युनिकने, म्हणजे मोठ्या शत्रूने, 20 लाख युरो उसने दिले होते. मे 2024 मध्ये, चॅम्पियन्स लीगच्या फायनलला तीन दिवस उरले असताना, क्लबने राइनमेटल या शस्त्रास्त्रांच्या कंपनीशी प्रायोजकत्वाचा करार जाहीर केला. तेव्हा सभासदांना आधी कोणी विचारलं नव्हतं. बोंबाबोंब नंतर झाली. माझा सहकारी त्या दिवसापासून क्लबचं जॅकेट घालून ऑफिसात येत नाही.

पण या लोकांच्या सोवळेपणाचाही मला राग येतो, तेही लिहितो. हॉफेनहाइम नावाचं एक खेडं आहे. तिथल्या टीममध्ये लहानपणी खेळलेला डिटमार हॉप हा पोरगा पुढे सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला आणि त्याने स्वतःच्या पैशाने गावची टीम बुंडेसलिगात नेली. या अपराधाबद्दल त्याच्या तोंडावर बंदुकीची नेम धरायची खूण काढून बॅनर फडकवले, वर्षानुवर्षं आईबहिणीवरून घोषणा दिल्या, आणि त्यात आमचे डॉर्टमुंडचे वीर सगळ्यांत पुढे. 2020 मध्ये बायर्नच्या प्रेक्षकांनी तेच केलं, तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू शेवटची मिनिटं नुसता एकमेकांना चेंडू देत राहिले. मी विचारलं, अरे, त्याने चूक काय केली? आमच्याकडे गावच्या पोराने असं केलं असतं तर बसस्टँडवर त्याचा वीस फुटी फ्लेक्स लागला असता. सहकारी म्हणाला, "म्हणूनच."

या 'म्हणूनच'चा मला आजही राग येतो. जळगावच्या कॅरम आणि बुद्धिबळाच्या खेळाडूंना जैन इरिगेशनने उभं केलं, तेव्हा सभासदांची सही घ्यायला कोण थांबलं होतं? थांबले असते तर ती पोरं आज कुठे असती? लेव्हरकुसेनची टीम बायर या औषध कंपनीची, कामगारांनी 1904 मध्ये काढलेली, तिला तर नियमातूनच सूट आहे. 2024 मध्ये ती लीगचा एकही सामना न हरता चॅम्पियन झाली. कंपनीचा पैसा म्हणजे विष नाही. पोट भरलेल्या माणसाला तत्त्वं परवडतात, हे मी त्याला ऐकवलं. जर्मनमध्ये ते फारसं टोचलं नाही.

मग 4 जून 2025 आला. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर, टीमने पहिल्यांदा आयपीएल जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी, चेंगराचेंगरीत 11 माणसं गेली. ऑफिसात कोणी मला काही विचारलं नाही, हे जास्त लागलं. जळगावच्या मित्राशी बोलताना मी म्हणालो, आपण टीमवर जीव टाकतो आणि टीमच्या लेखी आपण फक्त गर्दी असतो. तो चिडला. "भो, तू तिथे बसून ज्ञान नको पाजळू. तिथे पंचवीस हजार माणूस उभा राहायला जागा आहे, रेल्वे आहे, तिकिटात प्रवास फुकट आहे. आपल्याकडे मॅच बघायला जळगावहून मुंबई गाठायची म्हणजे रात्रभराची गाडी." बरोबर बोलला. सामन्याच्या तिकिटावर इथे लोकलगाडी फुकट असते, हे मीच त्याला मागे कौतुकाने सांगितलेलं.

आता ग्रुपचं. आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांची दंगल होते. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने 2014, 15 आणि 16 असं सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारल्यावर आमच्याकडे आखाड्यात पोरं वाढली. दंगल वर्गणीतून होते. इनाम किती, जोड कोणाची लावायची, पंच कोण, हे सगळं पारावर ठरतं आणि भांडणं करून ठरतं. देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारतात, मग तो शंभर रुपये देवो की पाच हजार. जर्मनांनी 1998 मध्ये लिहून काढलेला नियम आमच्याकडे न लिहिता चालू होता, असं मी सहकाऱ्याला मोठ्या रुबाबात सांगितलेलं आहे.

यंदा एका पुढाऱ्याने सगळा खर्च उचलतो म्हटलंय. वर्गणी नको, इनाम तिप्पट, नाव मात्र त्यांचं, मल्लांची जोड त्यांची माणसं लावणार. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. मी लांबलचक मेसेज लिहिला, पैसे घ्या पण जोडी आणि पंच गावाने ठरवावेत, नाव गावदेवीचंच राहावं. पन्नास अधिक एक वगैरे काही लिहिलं नाही, तेवढी अक्कल आहे.

कमिटीतल्या एका नानांचं उत्तर आलं, "भाऊ, तू देणगीदार आहेस. ठरवणारे आम्ही, इथं राहणारे." त्यालाही अंगठे पडले. आप्पांचाही होता.

मी रागाने आप्पांना फोन केला. ते म्हणाले, नाना चुकीचं काय बोलले? तुझ्या क्लबात तरी बाहेरचा देणगीदार ठरवतो का? शिवाय आपल्या आखाड्यातल्या पोरांना खुराकाला पैसे लागतात, बदाम काय भावाने आहे माहीत आहे का तुला? मला माहीत नव्हता. मग मी विचारलं की पुढाऱ्याने पुढच्या वर्षी हात वर केले तर? ते म्हणाले, मग पुन्हा वर्गणी काढू, त्यात काय.

यंदा नको असताना मी वर्गणी पाठवली. परत पाठवायची असेल तर कमिटीने सभा घेऊन ठराव करून पाठवावी, असं सोबत लिहिलंय.