गिटारचा नट बदलताना: एका खाचेने काढलेला घाम

एफ कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचा स्वरसमूह, नीट वाजत नाही म्हणून लोक बोटांना दोष देतात, मनगटाला देतात, वयालाही देतात. नटला कुणीच देत नाही. धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) बसवलेला फ्रेटबोर्ड संपून खुंट्यांची पाटी जिथे सुरू होते, तिथली ती पाच-सहा मिलिमीटर जाडीची पांढरी पट्टी म्हणजे नट. तिच्यावरच्या सहा खाचांतून सहा तारा खुंट्यांकडे जातात. ती नीट असते तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही. अकूस्टिक गिटारचा प्लास्टिकचा नट काढून मी हाडाचा बसवला, त्याला बराच काळ लोटला, पण ‘जी’ (G) नावाच्या तारेच्या खाचेवरचा राग अजून पुरता उतरलेला नाही. बाकीच्या पाच खाचा शहाण्यासारख्या वागल्या.

दोष नटचाच आहे का, हे कळायला सोपी तपासणी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहा. पातळ तारांखाली ती केसाएवढी, म्हणजे ०.०५ मिमीच्या आसपास हवी. जाड तारांना थोडी जास्त चालते. साधा छपाईचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. पातळ तारेखालून तो तारेला न उचलता सरकला, तर खाच अजून उंच आहे. फट अजिबातच नसेल तर खाच फार खोल गेली आहे, आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून खरखरणार.

खाच उंच असली की मोकळी तार ट्यूनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्रावर, अगदी बरोबर दिसते, पण पहिल्या फ्रेटवर दाबली की सूर चढतो. कारण उघड आहे. ६५० मिमी लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून जेमतेम ३६.५ मिमीवर असतो. एवढ्या आखूड अंतरात तार खाली दाबायची तर ती जास्त ताणली जाते, आणि बोटालाही जास्त जोर लागतो. म्हणूनच एफचाच आकार नवव्या-दहाव्या फ्रेटवर सरकवला की सोपा वाटतो आणि पहिल्यावर जीव काढतो.

जुना नट निघायला वेळ लागत नाही. कडेने धारदार कटर फिरवून आधी पॉलिशचा थर कापा, नाहीतर नटबरोबर पॉलिशचा टवकाही उडतो. मग फ्रेटबोर्डच्या बाजूने लाकडी ठोकळा टेकवून हलके ठोका. हाडाचा कोरा तुकडा सपाट काचेवर चिकटवलेल्या सँडपेपरवर घासून मापात आणता येतो. मास्क मात्र लावा. ती भुकटी नाकात जाऊ देऊ नये आणि वासही घरभर होतो.

खाचा किती खोल न्यायच्या, याची रेघ ओढायला एक जुनी युक्ती आहे. पेन्सिल उभी चिरून अर्धी करा, सपाट बाजू फ्रेट्सवर टेकवा आणि नटच्या तोंडावर रेघ ओढा. शिसाच्या जाडीमुळे ही रेघ फ्रेट्सच्या उंचीपेक्षा किंचित वर येते. आधी तिच्यापर्यंत या. शेवटचा अंश तारा चढवल्यावर. खाचांमधलं अंतर मोजताना तारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत समान धरू नका. दोन तारांच्या कडांमधली मोकळी जागा समान हवी, नाहीतर जाड तारा एकमेकींना खेटल्यासारख्या वाटतात.

आता ती ‘जी’ तार.

खुंट्या तीन-तीन असलेल्या गिटारवर डी आणि जी या तारा बहुधा सर्वांत लांबच्या खुंट्यांकडे जातात. नट ओलांडला की त्या बाहेरच्या बाजूला वळतात आणि खाचेच्या भिंतीला घासतात. त्यात खाच जराशी चिमटी असली की तार अडकते. खुंटी फिरवावी तर सूर हलत नाही, मग एकदम ‘टिंग’ आवाज येतो आणि सूर उडी मारून पुढे जातो. खाली उतरवावा तर पुन्हा तेच. ट्यूनर बदलून पाहा, तारा बदलून पाहा, खुंट्यांवर संशय घ्या, काही उपयोग नाही. तो ‘टिंग’ मला अजूनही कुठे ऐकू आला तरी डोकं तापतं.

खात्री करायची तर नट आणि खुंटी यांच्या मधला तारेचा तुकडा बोटाने दाबून सोडा. सूर चढला आणि तसाच चढलेला राहिला, तर तार खाचेतच अडकते आहे. खुंटीचा काही गुन्हा नाही.

खाच चिमटी होते ती कानशीमुळे. साध्या त्रिकोणी कानशीने कापलेल्या खाचेचा तळ टोकदार होतो आणि तार दोन भिंतींमध्ये पाचरीसारखी बसते. तळ गोल हवा, आणि खाच तारेपेक्षा अगदी थोडी, ०.०५ मिमीच्या आसपास, रुंद हवी. १२-५३ च्या संचात (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंची, सर्वांत जाड ०.०५३ इंची) ‘जी’ ही तार ०.०२४ इंची, म्हणजे ०.६१ मिमी असते. तिला ०.६५ मिमीच्या आसपासची खाच लागते. नटसाठी गोल कडेच्या, तारेच्या मापाच्या कानशी मिळतात. त्या नसतील तर तारेपेक्षा किंचित बारीक वायरवर हजार नंबरचा पेपर गुंडाळून तळ गोल करता येतो.

माप जमलं तरी उतार राहतोच. खाचेचा सर्वांत उंच बिंदू फ्रेटबोर्डकडच्या कडेवर हवा आणि तिथून मागे खुंटीकडे उतार हवा. उंचवटा मागे राहिला तर तार मधूनच सुटते आणि झणझणते. तंबोऱ्यावर हीच जवारी मुद्दाम दोरा सरकवून मिळवतात. गिटारला ती नको. उतार फार तीव्र केला तर टेकण्याची जागा धारेसारखी उरते आणि लवकर झिजते. जी आणि डी यांच्या खाचांचा मागचा भाग खुंटीच्या दिशेने किंचित वळवायचा, पुढची कड मात्र सरळ ठेवायची. माझी जी शेवटी या वळणानेच सुटली. रुंदी वाढवत बसण्याचा मोह टाळा. रुंद खाचेत तार आडवी हलते आणि वेगळीच खरखर सुरू होते.

मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. घर्षण कमी होतं, हे खरं. पण चिमट्या खाचेवर तो इलाज तात्पुरता. चार दिवसांनी ‘टिंग’ परत येतो.

शेवटच्या टप्प्यात दोन-तीन हात मारले की तार सुरात लावून फट पाहायची. सैल तारेवर माप फसवं येतं. खाच खोल गेलीच तर हाडाची भुकटी भरून वर सुपरग्लूचा थेंब सोडायचा आणि वाळल्यावर पुन्हा कापायचं. नट बसवताना मात्र गोंद नावापुरता, एक-दोन थेंब. तारांचा दाब त्याला धरून ठेवतो, आणि पुढे कधी काढायचा झाला तर लाकूड सोलत नाही.

हे खरं तर आधी यायला हवं: खाचांना हात लावण्यापूर्वी गिटारची मान किती वाकली आहे ते तपासा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, चौदाव्यावर तार दाबा आणि सहाव्या-सातव्यावरची फट मोजा, ०.१ ते ०.२५ मिमी ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड घट्ट करायचा, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. हा मानेतला लोखंडी दांडा गिब्सनच्या कारखान्यातल्या थॅडियस मॅक्‌ह्यूने आणला. पेटंटचा अर्ज १९२१ चा. सहा तारांची मिळून ओढ सत्तर किलोच्या आसपास असते. ती रात्रंदिवस पेलतात तो दांडा, मान आणि जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची लाकडी छाती, म्हणजे गिटारची पुढची फळी. आपण मात्र कौतुक करतो ते वरच्या पॉलिशचं. नट कापताना ही मंडळी पहिल्यांदा नीट दिसतात, आणि त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

आता ई कॉर्ड लावून तसाच एफवर सरकलो तरी दोन्ही सुरात असतात, आणि त्याचा मला उघड अभिमान आहे. पुढे कधी तारांची जाडी बदलली तर खाचा पुन्हा पाहाव्या लागतील: जाड तार जुन्या खाचेत वर बसते आणि अडकते, बारीक तार सैल पडते. म्हणून १२-५३ चाच संच ठेवला आहे, आणि ‘जी’ तारेचा सूर नेहमी खालून वर आणूनच लावतो.