न विकलेलं घर परदेशातून सांभाळताना: पाणी, किल्ली आणि मुखत्यारपत्र

"चार-सहा महिन्यांत विकलं जाईल" या हिशोबाने बंद केलेली घरं सगळ्यात जास्त खराब होतात. चार महिन्यांसाठी म्हणून माणूस नुसतं कुलूप लावून निघतो. म्हणून बंद करतानाच घर दोन वर्षं विकलं जाणार नाही असं धरून चाला. आठव्या दिवशी गिऱ्हाईक आलं तर काही बिघडत नाही.

भीती सगळ्यांना चोरीची असते, पण रिकाम्या घराचं खरं नुकसान पाणी करतं. नको तिथे साचून करतं आणि हवं तिथे आटूनही करतं.

आधी साचण्याचं बघू. बाहेरून येणाऱ्या लाइनचा मेन कॉक आणि वरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनचा कॉक वेगळे असतात. दोन्ही बंद करा. मग सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून लाइन रिकामी होऊ द्या. हे केलं की बेसिनखालच्या आणि कमोडमागच्या जाळीदार नळ्यांवरचा दाब जातो. त्या नळ्या बाहेरून स्टीलच्या दिसतात, आत साधं रबर असतं, आणि सतत दाबाखाली राहिल्या की टोकाच्या पिळाजवळ फुटतात. माणसं राहत असताना फुटली तर फरशी पुसून भागतं. बंद घरात पाणी दाराखालून बाहेर येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मीटर असेल तर सगळे नळ बंद आणि मेन कॉक चालू ठेवून मीटरचा फोटो घ्या, तासाभराने दुसरा घ्या. आकडा हलला तर गळती आहे, आणि ती निघायच्या आधी शोधायची.

गीझरचा क्रम चुकवू नका. आधी त्याचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा छोटा ब्रेकर) पाडायचा, मग टाकी रिकामी करायची. आणि स्विचवर चिकटपट्टी लावून ठळक लिहायचं: "टाकी रिकामी. चालू करू नये." घर दाखवायला आलेला एजंट दिवे लावायच्या नादात दिसेल तो स्विच दाबतो, आणि पाण्याबाहेर तापलेलं गीझरचं एलिमेंट काही मिनिटांत जळतं.

जिथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, तिथे लाइन अर्धवट रिकामी करून चालत नाही. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप चिरतो. चीर दिसते मात्र बर्फ वितळल्यावर. अशा जागी एक तर सगळी यंत्रणा कोरडी करायची, नाहीतर हीटिंग १२-१३ अंशांवर चालू ठेवायचं. कोरडी केलीत तर ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपातल्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, प्रोपिलीन ग्लायकॉल हे गोठू न देणारं द्रव घाला. गाडीत घालतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते घरात नको.

आता आटण्याचं. न्हाणीतल्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी उभं असतं. ड्रेनेजचा वायू आणि झुरळं घराबाहेर ठेवायला तेवढंच पाणी असतं, दुसरं काही नाही. उन्हाळ्यात ते काही आठवड्यांत उडून जातं. मग गिऱ्हाईक दार उघडतं, पहिला वास येतो तो गटाराचा, आणि "लाइन चोकअप दिसतेय" असं म्हणून तो किंमत पाडतो. प्रत्यक्षात लाइन ठणठणीत असते. उपाय अगदी स्वस्त आहे: प्रत्येक ट्रॅपमध्ये लिटरभर पाणी ओता आणि वर दोन-तीन चमचे लिक्विड पॅराफिन सोडा. औषधाच्या दुकानात मिळतं. पाण्यावर तेलाचा पापुद्रा राहिला की पाणी उडायचं खूप मंदावतं. खायचं तेल वापरू नका, ते खवट होतं आणि चिकट थर धरतं. कमोडच्या भांड्यातही हेच करायचं, वर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म ताणून लावायची, झाकण बंद. विसरले जातात ते ट्रॅप म्हणजे वॉशिंग मशिनच्या जागेतला, बाल्कनीतला आणि कधीच न वापरलेल्या दुसऱ्या बाथरूममधला. घरात एकूण किती ट्रॅप आहेत ते मोजून आकडा लिहून ठेवा. "सगळीकडे पाणी घातलं" याला अर्थ नाही, "सातही झाले" याला आहे.

वरची टाकी भरून ठेवून जाणं ही सर्वात मोठी चूक. सांदीतून शिरलेल्या डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं चक्र ७ ते १० दिवसांत पुरं होतं. नुसती रिकामी करूनही भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडांना चिकटतात आणि कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. आतून ब्रशने घासा, ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, झाकण घट्ट बसवा.

पाइपात आठवडेच्या आठवडे थांबलेल्या पाण्याचाही एक धोका आहे. लीजनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि फवाऱ्याच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून बंद घरात शॉवर एकदम सोडायचा नाही. शॉवरचं तोंड काढा, खिडकी उघडा, पाणी हळू धारेने जाऊ द्या.

ओल आणि बुरशी यांत गल्लत होते. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. भिजलेली वस्तू मात्र एक-दोन दिवसांत वाळली नाही की धरतेच. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, दारं किलकिली ठेवा, गाद्या उभ्या करा. फ्रीजचं दार तर उघडंच हवं, मध्ये दुमडलेला टॉवेल अडकवून. खिडक्यांना प्लास्टिक लावून घर हवाबंद करणारे भिंतींचं नुकसान करतात. ओल शोषणाऱ्या दाण्यांचे डबे माझ्या मते महिन्याला एक फेरी होणाऱ्या घरात निरुपयोगी: आठ-दहा दिवसांत भरतात, सांडले तर ते खारट पाणी धातूला गंज चढवतं. वीज भरवशाची असेल तर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) ठेवा आणि त्याची नळी न्हाणीतल्या जाळीत सोडा. ट्रॅपही आपोआप भरलेला राहतो.

गच्चीचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. १०० चौरस मीटर गच्चीवर १० सेंटिमीटर पाणी साचलं तर ते १०,००० लिटर, म्हणजे १० टन. आणि ते अडवायला मूठभर वाळलेली पानं पुरतात. सपाट जाळीवर एक पान बसलं की भोक बंद होतं. म्हणून घुमटाच्या आकाराची जाळी बसवा. पावसाच्या आधी आणि पानगळीनंतर गच्ची झाडण्यासाठी माणूस वर चढलाच पाहिजे.

वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर दिसल्या की लोक त्या पुसतात आणि स्प्रे मारतात. तसं करू नका. ती दुसरी वाट धरते आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला माग लागत नाही. नळी मधोमध बोटभर मोडा, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. पुढच्या फेरीत सांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. भिंतीच्या चिरेचंही असंच: दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण आणि तारीख. चीर खुणेपुढे गेली की इंजिनिअर बोलवायचा, तोवर नुसती पुट्टी भरून झाकायची नाही.

विजेचं कनेक्शन तोडू नका. अंधारात घर विकत नाही, आणि पुन्हा जोडणीला लागणारा वेळ नेमका सौद्याच्या आठवड्यात येतो. एमसीबीवर नावं लिहा, राउटर-कॅमेऱ्याचा चालू ठेवा (हीटिंग किंवा डीह्युमिडिफायर ठेवलं असेल तर त्याचाही), बाकीचे पाडा. राउटर बंद घरात हमखास अडकतो आणि तो बंद-चालू करायला कुणी नसतं. त्याला टायमरच्या सॉकेटवर घाला, रोज पहाटे १५ मिनिटं वीज तोडून परत देईल असा. कॅमेरा सगळे दाराकडे रोखतात. एक फरशीकडे वळवा, पाणी दिसेल.

आता किल्लीचा माणूस. मित्राने किंवा भाच्याने "मी बघतो ना" म्हटलं की बरं वाटतं, पण फुकटचं काम तिसऱ्या महिन्यापासून पातळ होतं आणि आपल्याला रागावताही येत नाही. पैसे द्या, मग तो घरचा असो वा बाहेरचा. त्याला "जरा लक्ष ठेव" सांगू नका, क्रम लिहून द्या: बाहेरून चक्कर, गच्ची, मग आत. खिडक्या उघडायच्या, मेन कॉक सोडायचा, प्रत्येक नळ दोन मिनिटं, ट्रॅपमध्ये पाणी आणि पॅराफिन, अर्थ लीकेजच्या ब्रेकरचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघायचं, बेसिनखाली हात फिरवायचा (डोळ्याला न दिसणारी ओल बोटांना लागते), कॉक बंद, खिडक्या बंद, मीटरचा फोटो. दर वेळी त्याच दहा जागा, त्याच कोनातून. जूनचा आणि ऑगस्टचा फोटो शेजारी ठेवला की छताचा डाग वाढलाय का ते तुम्हाला परदेशातून कळतं. तासाभराचं काम आहे, पंधरा दिवसांतून एकदा. आणि खर्चाची एक मर्यादा ठरवून द्या, तेवढ्यापर्यंत न विचारता दुरुस्ती करायची. पाइप फुटलेला असताना तुमच्याकडे रात्रीचे तीन वाजले असतील.

किल्ल्यांवर पत्ता लिहू नका, नुसता क्रमांक लिहा आणि कोणती कुणाकडे याची नोंद ठेवा. कुलपात तेल घालू नका, धूळ धरून ते जाम होतं. ग्राफाइटची पूड घाला. एजंट घर दाखवून गेला की खिडकी उघडी, दिवा चालू, नळ ठिबकता असा अनुभव येतोच. त्याच्याशी एकच अट ठेवा: निघताना मेन कॉकचा आणि लावलेल्या कुलपाचा फोटो पाठवायचा.

विमा मात्र पॉलिसी काढून वाचाच. बऱ्याच पॉलिसींत घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की पाण्याची गळती, तोडफोड, चोरी यांचं संरक्षण कमी होतं किंवा संपतं. सामान असलेलं पण माणूस नसलेलं घर आणि पूर्ण मोकळं घर यांतही फरक करतात. कंपनीला लेखी कळवा, उत्तर लेखी घ्या. काही कंपन्या ठरावीक अंतराने तपासणीची अट घालतात, तिथे वरच्या फेऱ्यांचे तारखेचे फोटो कामी येतात. ते घरावर कुणी ताबा सांगू लागला तरी लागतात, आणि स्वतःच्या नावे भरलेल्या घरपट्टीच्या पावत्याही.

मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करा. कुलमुखत्यारपत्र देऊन मोकळं व्हायचा मोह होतो, पण ते सगळ्या व्यवहारांचं दार उघडतं. खास मुखत्यारपत्र करा: मिळकतीचं पूर्ण वर्णन, कोणत्या गोष्टी करायचा अधिकार, कमीत कमी किंमत, मुदत, आणि पैसे थेट तुमच्याच खात्यात जमा होतील हे वाक्य. देखभालीचं वेगळं आणि विक्रीचं वेगळं केलंत तर उत्तम. परदेशात गेल्यावर करायचं ठरलं, तर दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असल्यास अपोस्टिल (कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) चालतं, नसल्यास वकिलातीचा शिक्का. बहुतेक ठिकाणी मूळ कागद लागतो, स्कॅन चालत नाही, म्हणजे कुरिअरचे दिवस धरा. काम अडतं ते सहसा नावावर: खरेदीखतात मधलं नाव आहे, पासपोर्टात नाही, किंवा लग्नानंतर बदललेलं आहे. त्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

जुना मोबाइल नंबर जिवंत ठेवा. काही महिने वापरला नाही की तो बंद करून दुसऱ्याला दिला जातो, आणि बँक, वीजबिल, घरपट्टी सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. नोटिसांचा पत्ताही बदला, नाहीतर त्या रिकाम्या घराच्या दाराखाली पडून राहतात. अनिवासी म्हणून विकताना कित्येक देशांत खरेदीदाराला किमतीतूनच कर कापावा लागतो. ही कपात कमी करून घेण्याची सोय असेल तर तो अर्ज गिऱ्हाईक ठरायच्या बराच आधी करा.

आणि दर महिन्याचा खर्च एकदा मांडा: घरपट्टी, विमा, देखभाल, किल्लीवाल्याचे पैसे, कर्जाचं व्याज किंवा अडकलेल्या रकमेवर मिळालं असतं ते व्याज. त्याला बाराने गुणा. किंमत कमी करायची नाही म्हणून वर्षभर अडून बसलेल्यांनी बहुतेक वेळा तेवढीच सूट स्वतःच्या खिशातून दिलेली असते, आणि घर तरी अंगावरच असतं.

सौदा झाल्यावरही घाई नको. ताबा देण्याच्या दिवशी पाणी आणि विजेच्या मीटरचे फोटो, दोन्ही कनेक्शनं नव्या नावावर गेल्याची पोच, किल्ल्या मोजून दिल्याची सही. विमा ताब्यानंतर बंद करायचा, आधी नाही. मुखत्यारपत्र रद्द केल्याचं लेखी करून एक प्रत मुखत्याराला, एक बँकेला, एक जिथे ते नोंदवलं होतं तिथे. गीझरची टाकी भरल्याशिवाय त्या स्विचवरची चिकटपट्टी काढू नका, आणि हे नव्या मालकालाही सांगा.