काकू म्हणाली, लिहू नको

दिवाळीची सुट्टी संपवून रत्नागिरीला परत आलेय, पत्रकारितेच्या कोर्सचं सबमिशन डोक्यावर आहे, फीचरचा पहिला ड्राफ्ट सरांकडे जाऊन परतही आला, आणि मी अजून काकूच्या मागच्या पडवीतच अडकलेय. कुणाला सांगावं तर सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. भांडण नाही, रडारड नाही. काकू एक वाक्य बोलली, तेवढंच.

आम्ही कोळंबी सोलत बसलो होतो. काकूचा हात बघत राहावा असा चालतो, डोकं मोडलं, साल एका ओढीत काढलं, पाठीवर नखाने चीर देऊन काळा दोरा ओढला की कोळंबी परातीत, आणि हे सगळं करताना तिचं लक्ष भलतीकडेच असतं. बोलता बोलता तिने बंदरावरचं काहीतरी सांगायला घेतलं, नेहमीसारखा आवाज खाली आणून, मान माझ्याकडे झुकवून, मी शाळेत होते तेव्हापासून ती मला असंच सांगते. आणि मधेच थांबली. माझ्या मांडीजवळ फोन पालथा पडला होता त्याच्याकडे बघितलं. "त्यो चालू हाय का?" म्हणाली. मी म्हटलं नाय गो काकू, कशाला चालू असेल. तरी तिने फोन थोडा लांब सरकवला, हात ओले होते म्हणून कोपराने, आणि मग म्हणाली, "ह्ये लिवू नको हां बाय."

मग सांगितलं तिने. पण सगळं नाही सांगितलं, मला कळतं ना ते. काकूचं सांगणं कुठे संपतं मला पाठ आहे, शेवटी "जाऊंदे, आपल्याला काय करायचाय" म्हणते आणि पदराला हात पुसते. त्या दिवशी ते आलंच नाही. मधूनच चहा ठेवू का विचारलं.

तेव्हापासून आत काहीतरी टोचतंय. मी काय कोण परकी आहे? ज्या घरात आईच्या आजारपणात मी महिना महिना जेवलेय, झोपलेय, जिच्या हाताने माझी वेणी घातली गेलीय, तिने माझ्यासमोर फोन सरकवावा? तेही मी काही विचारलेलं नसताना. मी तेव्हा काम करत नव्हते, सुट्टीला आलेली घरची मुलगी होते आणि कोळंबी सोलत होते.

आदल्या दिवशी मात्र मी काम करत होते हे खरं. आमच्या हर्णै बंदरावरच्या (दापोली तालुका) मासळीच्या लिलावावर फीचर करायचंय म्हणून दुपारपासून बंदरावर होते. बोटी आत खोल पाण्यात उभ्या, माल छोट्या होड्यांतून किनाऱ्याला, तिथून बैलगाड्या गुडघाभर पाण्यात शिरून टोपल्या आणतात, मग ओल्या वाळूवरच वाटे लागतात आणि पुकारणारा आकडा चढवत नेतो. हे सगळं मी जन्मल्यापासून बघतेय पण त्या दिवशी पहिल्यांदा हातात फोन धरून बघितलं, लोकांना नाव विचारलं, वय विचारलं, बोट स्वतःची की वाट्याची विचारलं. ओळखीच्या माणसांना वय विचारताना विचित्र वाटतं पण सरांनी सांगितलंय नाव, वय, गाव हे खात्री करूनच लिहायचं, ओळखीचं असलं तरी. काकू तिथेच होती माल घ्यायला आलेली. तिने मला लांबून बघितलं, हसली, जवळ नाही आली. आता वाटतं की तेव्हाच तिच्या मनात काहीतरी ठरलं असणार.

बाबांचं उलट. ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगतात आमची पत्रकार झाली, अजून टीवाय म्हणजे तिसरं वर्ष पण पूर्ण नाही झालं. त्यांच्या त्या सांगण्यामागे जे आहे त्याबद्दल आज नको.

हा कोर्स का घेतला हे मला मुलाखतीत विचारलं होतं आणि मी निसर्ग चक्रीवादळ सांगितलं होतं. 3 जून 2020. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं पण आमच्या दापोली-मंडणगडची काय दशा झाली ते इथल्यांनाच माहीत, माडाच्या माड, पोफळीच्या बागा आडव्या, घरांवरची कौलं-पत्रे गेलेले, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. आम्ही जिवंत आहोत हे मुंबईच्या आत्याला कळायलाही वेळ गेला. लाईट आल्यावर मग समजलं की टीव्हीवर त्या दिवशी मुंबई आणि अलिबागच दाखवत होते जास्त. तेव्हा पडलेल्या माडावर बसून काकूच म्हणाली होती, आपला कोण लिवणार गो, आपल्यातला कोणतरी हवा. मी शाळेत होते. ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं. बारावीनंतर बीएएमएमसीला (मास कम्युनिकेशनची पदवी) अ‍ॅडमिशन घेतली त्याच्या मागे ते वाक्य आहे, तिसऱ्या वर्षाला वर्गातली बहुतेक मुलं अ‍ॅडव्हर्टायझिंगकडे गेली (घरचेही तेच म्हणत होते, तिकडे नोकऱ्या आहेत) आणि मी जर्नलिझम घेतलं त्याच्याही मागे तेच आहे. आणि आता तीच म्हणते लिहू नको. मग कोणी लिहायचं? आपल्यातलंच कोणीतरी हवं होतं ना, मग मी आलेय ना.

हे मला सहन होत नाहीये. इथे हॉस्टेलवर रूममेटला सांगायचा प्रयत्न केला तर ती म्हणाली अगं एवढंच ना. हो, एवढंच.

वर्गात हा भाग झालाय आमचा. प्रेस लॉ अँड एथिक्स. प्रेस कौन्सिलचा 1978 चा कायदा, त्याचं कलम 15, त्यातलं पोटकलम 2, की बातमी कुठून मिळाली ते सांगायची सक्ती कौन्सिल पत्रकारावर करू शकत नाही. परीक्षेसाठी पाठ केलंय. मॅडमनी हेही सांगितलं होतं की ते संरक्षण कौन्सिलपुरतंच, कोर्टाने विचारलं तर आपल्याकडे वेगळा कायदा नाही. आणि कौन्सिलच्या आचारसंहितेत आहेच की विश्वासाने सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय छापू नये. तेव्हा मी समोर कोण कल्पिलं होतं तर एखादा सरकारी बाबू, फाईल घेऊन आलेला, रात्री फोन करणारा. काकू नव्हती डोळ्यासमोर. पडवीत पाटावर बसलेली बाई म्हणजे सोर्स हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि मला ते अजूनही म्हणवत नाही.

ती काय बोलली ते इथेही लिहिणार नाही. बंदरावरचं होतं एवढंच. बाकी तिथे काय धुमसतंय ते काही गुपित नाही, पर्ससीनवर (माशांचा अख्खा थवा घेरणारं मोठं जाळं) राज्य सरकारने 2016 ला निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे जमवून मासेमारी करायला केंद्राची 2017 पासून बंदी आहे, आणि तरी रात्री समुद्रात उजेड दिसतो म्हणून छोट्या बोटीवाले ओरडतात, मोर्चे निघालेत, निवेदनं गेलीत. बाहेरून बातमी करणाऱ्याला हे सोपं आहे, एका बाजूला पारंपरिक मच्छीमार, दुसऱ्या बाजूला मोठे बोटमालक, दोघांचे बाइट घेतले, अधिकाऱ्यांचं म्हणणं टाकलं, झाली बॅलन्स्ड स्टोरी. पण आमच्या वाडीत ह्या दोन बाजू एकाच जेवणाच्या पंगतीला बसतात. एकाचा मेव्हणा तिकडच्या बोटीवर खलाशी, दुसऱ्याच्या मुलीचं लग्न तिकडे ठरलेलं. जाळ्यावरून दिवसा भांडतात आणि होळीला पालखीला खांदा दोघं देतात. काकूला उद्या सकाळी त्याच वाळूवर उभं राहून त्याच माणसांकडून वाटा घ्यायचाय. माझ्या नावाची बायलाईन आली की वाडीत अर्ध्या तासात समजेल कोणाच्या पडवीतून निघालं ते, नाव घातलं नाही तरी.

सरांनी ड्राफ्टवर लिहून दिलंय, माहिती चांगली आहे पण माणूस दिसत नाही. बरोबर आहे त्यांचं. 1 जून ते 31 जुलै पावसाळी मासेमारी बंदी, एकसष्ट दिवस, डिझेल परतावा वेळेवर येत नाही म्हणून तक्रारी, मासेमारीला एप्रिल 2025 मध्ये मिळालेला कृषीचा दर्जा आणि त्याचा इथे अजून कोणाला काय उपयोग, हे सगळं आहे त्यात. माणूस माझ्याकडे आहे ना सर. माझ्याकडे असा माणूस आहे की तुमचा अख्खा वर्ग गप्प बसेल ऐकून. पण देऊ शकत नाही. वही उघडून बसले आणि काही वेळ नुसता राग राग आला, सरांचा, काकूचा, त्या फोनचा.

मग काल एक गोष्ट आठवली आणि ती आठवल्यापासून जरा श्वास आलाय.

मागे एकदा एक चॅनेलवाला आला होता बंदरावर, बूम घेऊन. काकूपुढे माईक धरला, मावशी काय परिस्थिती आहे सांगा. तेव्हा मी शेजारीच होते. काकूने पदर डोक्यावर घेतला, म्हणाली, "सगला बरा हाय," आणि टोपली उचलून चालती झाली. सगळं बरं आहे. त्या वर्षी काहीही बरं नव्हतं, काय काय गहाण गेलं होतं ते मला माहितेय. त्या माणसाला तिने लिहू नको नाही सांगितलं. गरजच नव्हती, कारण त्याला काही सांगितलंच नाही.

मला सांगितलं. अर्धं का होईना सांगितलं. आधी अट घातली आणि मग सांगितलं, म्हणजे तिला खात्री होती की ही अट पाळेल. आणि असंही असेल की तिने पहिल्यांदाच मी जे शिकतेय ते खरं धरलं. बाबा टपरीवर पत्रकार म्हणतात ते कौतुकाने, इथे सर म्हणतात ते प्रोत्साहन म्हणून, काकूने मात्र विचार केला की हिने लिहिलं तर ते छापून येईल, लोक वाचतील, त्याचे परिणाम होतील. माझ्या लिहिण्याला कोणी अजून इतकं गंभीरपणे घेतलेलं नाही. हे लिहिताना छाती भरून येतेय आणि तरी ते फोन सरकवणं टोचतंच आहे, दोन्ही आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

बाळशास्त्री जांभेकर आमच्याच कोकणातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. 6 जानेवारी 1832 ला दर्पण काढलं, म्हणून तो दिवस पत्रकार दिन, कॉलेजात हार घालतो आम्ही फोटोला. पहिल्या वर्षी माझंच भाषण होतं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, एका बाजूला मराठी एका बाजूला इंग्रजी, वगैरे. पण दर्पण निघालं मुंबईत. पोंभुर्ल्यात राहून, पोंभुर्ल्याबद्दल, रोज ज्यांच्या दारावरून जायचं त्यांच्याबद्दल लिहायचं असतं तर त्यांना काय काय ऐकावं लागलं असतं हे आजकाल फार मनात येतं. मुंबईला जाऊन कोकणाबद्दल लिहिणं आणि हर्णैत राहून हर्णैबद्दल लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि मला दुसरं करायचंय. तालुक्याच्या पत्रकाराला महिन्याला काय मिळतं ते मी विचारून ठेवलंय. तेही आज नको.

तर काल संध्याकाळी काकूला फोन केला. नेहमीचं बोलणं झालं, जेवलीस का, खोकला गेला का, दापोलीहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी सोडे (सुकवलेली कोळंबी) पाठवते म्हणाली. मग मी सरळ विचारलं. म्हटलं काकू, मला तुझ्याबद्दल लिहायचंय, बंदीच्या दोन महिन्यांत तू घर कसं चालवतेस ते, पहाटे लिलावाला किती वाजता निघतेस, बर्फाला किती जातात, रिक्षाला किती, हातात काय उरतं. आत्ता फोनवर रेकॉर्डिंग चालू करू का, तू हो म्हणालीस तरच करेन. आणि परवाचं त्यातलं काही येणार नाही.

पलीकडे थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ता लिव. नाव पन टाक माजा, पूरा टाक." आणि सुरू झाली, अशी सुरू झाली की मला मधे थांबवून आकडे परत विचारावे लागले. सोडे सुकवताना पाऊस आला तर किती नुकसान होतं, उसनवारी कोणाकडे करायची आणि कोणाकडे मेलं तरी नाही, श्रावणात गिऱ्हाईक नाही, नारळी पौर्णिमेला नवी साडी घ्यायचीच मग ती उधारीवर का असेना. परवा पडवीत सांगितलं त्याच्या जवळपास ती एकदाही गेली नाही आणि मीही नेलं नाही.

पुढच्या वेळी घरी गेले की पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकणार आहे, फोन हातात धरून समोर उभी राहिले तर कामाला आलेय, नाहीतर घरी आलेय. आणि काकूच्या पडवीत जाताना फोन घरीच ठेवणार. ती परत आधीसारखं शेवटपर्यंत सांगेल की नाही माहीत नाही. कदाचित नाही सांगणार. तिला तसं वाटत असेल तर तिचं बरोबर आहे.

फीचर सोमवारी द्यायचंय. काकूने बर्फाचा सांगितलेला भाव आणि बर्फ फॅक्टरीवाल्याचा भाव जुळत नाहीये, उद्या परत दोघांना फोन करायचाय.