सव्वा किलोचा लॅपटॉप ठरवताना

शेती आणि पाणी या विषयांवर मी मुक्त पत्रकारिता करते. बीड, लातूर, धाराशिव या पट्ट्यात एसटीने फिरायचं, मुलाखती घ्यायच्या आणि बातमी तिथूनच, कुणाच्या तरी ओसरीवर बसून पाठवायची, हे माझं काम. जुना साडेपंधरा इंची लॅपटॉप चार्जरसकट पावणेतीन किलोच्या घरात होता आणि खांद्याचं दुखणं डॉक्टरांपर्यंत गेलं होतं. नवा घ्यायचा तो लहान आणि हलका, एवढं पक्कं होतं. बाकी स्पेक्स काय असाव्यात यावर घरात वाद पेटला. माझ्यासारखं फिरतीवर मराठीत लिहिणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तो इथे मांडते.

वाद घालणारे आम्ही तिघं. माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुसरा माझ्याबरोबर फिरणारा फोटोग्राफर मित्र. आणि मी. बजेट सत्तर हजारांपर्यंत.

भाच्याने पहिल्याच फोनवर प्रोसेसरची नावं सांगायला सुरुवात केली. मी त्याला थांबवलं. "अरे, मी दिवसभर लिहिते, ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब उघडे ठेवते आणि मुलाखतींचं ध्वनिमुद्रण ऐकते. मला प्रोसेसर कुठे अडवणार आहे?" त्यावर तो जे बोलला ते मला फार पटलं. "मावशी, मग उलटीकडून ये. जे नंतर बदलता येत नाही ते आधी ठरव." हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम, म्हणजे काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती, बहुतेक वेळा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, डाग देऊन पक्की जोडलेली असते. पुढे वाढवायची सोय नसते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे. फायली साठवणारी एसएसडी मात्र बहुधा एम.२ नावाच्या खाचेत असते, म्हणजे दोन वर्षांनी मोठी टाकता येते. स्क्रीन, कीबोर्ड, वजन हे तर कायमचंच. वादाचा क्रम त्यामुळे ठरला: कीबोर्ड, स्क्रीन, रॅम, बॅटरी आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर.

कीबोर्डवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा. माझा पहिला ओढा साडेअकरा इंचांकडे होता. २००७ साली आलेला आसुसचा ई पीसी मला आठवत होता: सात इंची स्क्रीन, वजन किलोच्या आत. तेव्हा वाटायचं, पत्रकाराला हेच हवं. पण दुकानात लहान यंत्रावर इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत चार ओळी टाइप केल्या आणि बोटं अडखळायला लागली. लहान लॅपटॉपमध्ये जागा वाचवायला उजव्या कडेची बटणं अरुंद करतात, म्हणजे चौकटी कंस, अर्धविराम, अवतरण चिन्ह, तिरपी रेघ. इंग्रजी लिहिणाऱ्याला ती क्वचित लागतात. इनस्क्रिप्टमध्ये तिथेच ड, च, ट आणि य बसलेले आहेत. 'याच्याकडे चारा छावणीचा ट्रक आला' हे वाक्य अरुंद बटणांवर लिहून पाहा, मी काय म्हणते ते कळेल. उलट्या तिरप्या रेघेवरचा 'ॉ' तर एका मॉडेलमध्ये एंटरला चिकटून अर्ध्या रुंदीचा होता. 'डॉक्टर' लिहिताना दर वेळी नवी ओळ. ही अडचण कुठल्याच स्पेक्सच्या तक्त्यात सापडत नाही. जो मराठी इनस्क्रिप्टने लिहितो त्याने दुकानात लॅपटॉपची भाषा बदलून घ्यावी, दुकानदार कितीही घाई करो, आणि उजवी करंगळी तपासून घ्यावी. साडेअकरा आणि बारा इंच तिथेच बाद झाले. तेरा की चौदा एवढाच प्रश्न उरला.

स्क्रीनवर फोटोग्राफर मित्राशी जोरात जुंपली. तो ओएलईडीवर अडून बसला होता. "ताई, रंग बघा ना, काळा खरोखर काळा दिसतो." त्याच्या कामाला ते बरोबर आहे. माझं काम पांढऱ्या पानावर काळी अक्षरं. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणजे पांढरं पान दाखवताना तो जास्त वीज खातो. शिवाय अशा बऱ्याच स्क्रीन चकचकीत असतात. शेताच्या बांधावर बसून वाचायचं तर आपलाच चेहरा दिसतो. मला मॅट, म्हणजे न चकाकणारी, आयपीएस प्रकारची स्क्रीन हवी होती, आणि किमान ४०० निटची (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप). स्वस्त लॅपटॉपमध्ये २५० निट सर्रास असतात. खोलीत ते पुरतात, ओसरीवर दुपारी पुरत नाहीत. रंगांच्या बाबतीत त्याचं म्हणणं मी मान्य केलं: ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलेली स्क्रीन घ्यायची नाही, कारण बातमीसोबतचा फोटो तिच्यावर धुतल्यासारखा दिसतो.

रिझोल्यूशनचा मुद्दा माझा. देवनागरीला वर रफार, अनुस्वार, वेलांटी आणि खाली उकार लागतात. जुन्या साडेपंधरा इंची, १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर इंचाला जेमतेम १०० ठिपके होते. 'कर्तृत्व' मोठं केल्याशिवाय धड वाचता यायचं नाही. चौदा इंची १९२० बाय १२०० मध्ये इंचाला सुमारे १६२ ठिपके मिळतात आणि अक्षर स्वच्छ उमटतं. त्याहून वरच्या २८८० बाय १८०० चा आग्रह भाच्याने धरला होता. तो मी नाकारला, बॅटरीसाठी. १६:१० चं प्रमाण मात्र तिघांनाही मान्य होतं. उंची वाढते, म्हणजे कॉपीच्या चार ओळी जास्त दिसतात.

रॅमवर फारसा वाद झाला नाही. विंडोज ११ किमान चार जीबी मागतं, पण नुसतं सुरू असतानाच तीन-चार जीबी खातं, आणि ग्राफिक्सही त्याच रॅममधून वाटा घेतं. आठ जीबी पुढे वाढवता येणार नसतील तर घेऊच नयेत. सोळा ठरले.

प्रोसेसरमध्ये एकच खरा पेच होता. २०२४ मध्ये आलेल्या स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम प्रकारच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपची बॅटरी उत्तम चालते आणि माझं मन तिकडे झुकलं होतं. पण मी ज्या नियतकालिकांसाठी लिहिते त्यातल्या एकाकडे अजून युनिकोडपूर्व फाँटांत पानं लागतात, आणि त्यांचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबी डाँगलवर, म्हणजे परवान्याची किल्ली म्हणून खोचायच्या छोट्या उपकरणावर, चालतं. एआरएमवरच्या विंडोजमध्ये जुने प्रोग्राम अनुकरणाने चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे उपकरणं चालवणारी सॉफ्टवेअरं, चालत नाहीत. ते एआरएमसाठीच बनवलेले लागतात. त्या डाँगलचा तसा ड्रायव्हर नव्हता. विषय संपला, इंटेल किंवा एएमडी.

पंखा हवा की नको यावर भाचा अजून माझ्याशी सहमत नाही. २०२० च्या एम१ मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही, वजन १.२९ किलो, आणि तो वर्षानुवर्षं उत्तम चाललाय, असं त्याचं म्हणणं. मला ते मान्य आहे, वातानुकूलित ऑफिसात. मे महिन्यात लातूरला पारा बेचाळीसला टेकतो, पत्र्याखाली त्याहून वर. बाहेरची हवाच इतकी तापलेली असेल तर पंखा नसलेला प्रोसेसर गरम झाल्यावर स्वतःचा वेग कमी करतो. मला लहान का होईना, पंखा हवा.

बॅटरीचा हिशेब मात्र प्रत्येकाने स्वतः करावा. जाहिरातीतले 'अठरा तास' बहुधा कमी प्रकाशात व्हिडिओ लावून मोजलेले असतात. बॅटरीत किती वीज मावते तो वॉट-अवरचा आकडा बघायचा आणि त्याला वापराने भागायचं. लिहिताना, ब्राउझर उघडा असताना असा लॅपटॉप साधारण सहा-सात वॉट खातो. ५७ वॉट-अवर म्हणजे आठ-नऊ तास. उन्हात प्रकाश पूर्ण वाढवला तर त्याहून कमी. चाळीसच्या आतली बॅटरी मी बघितलीच नाही.

शेवटी घेतला तो चौदा इंची, सोळा जीबी, ५१२ जीबी एसएसडी, दोन टाइप-सी, एक साधा यूएसबी. खोक्यावर १.२४ किलो लिहिलं होतं. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर तेवढाच भरला. चार्जर ठेवला आणि ३४० ग्रॅम वाढले. त्यातला मोठा वाटा जाड तीन पिनांच्या वायरीचा. मग थेट प्लगमध्ये बसणारा ६५ वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइड) चार्जर घेतला, वायरीसह दीडशे ग्रॅमच्या आत. तोच फोनलाही चालतो, म्हणून फोनचा वेगळा चार्जर पिशवीतून गेला. हलकेपणाची चर्चा करताना चार्जर मोजणारं आमच्यात कुणीच नव्हतं, आणि सगळ्यात स्वस्तात वजन तिथेच उतरलं.

घरी असताना चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवते. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात तापत राहिली की तिची क्षमता लवकर घटते. दौऱ्याच्या आदल्या रात्री मर्यादा काढते.

आता फोटोग्राफर मित्राला घ्यायचाय. तो सोळा जीबी रॅमवर समाधानी आहे. भाचा म्हणतो फोटोंच्या कामाला बत्तीसच हवेत, आणि या वेळी मी भाच्याच्या बाजूने आहे, कारण मित्राच्या लॅपटॉपचीही रॅम सोल्डर केलेलीच असणार.