शाळेच्या पैशासाठी ऑलिम्पियाची वारी

2025 च्या फेब्रुवारीत आम्ही चौघीजणी सिएटलजवळच्या इस्टसाइडवरून राज्याच्या राजधानीला, ऑलिम्पियाला, जाऊन आलो, आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या मागण्या घेऊन वॉशिंग्टन स्टेटच्या आमदारांना भेटायला. तेव्हापासून रेडमंड, सॅमॅमिश, बॉथेलकडच्या बऱ्याच जणींचे मेसेज आले की नक्की काय असतं, कुठे जायचं, आपल्यासारख्यांना आत घेतात का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

व्हिसाचं आधी सांगते कारण सगळ्यात जास्त वेळा तेच विचारलं जातं. मतदान फक्त सिटिझनला, हे बरोबर. पण आमदाराला भेटायला किंवा कमिटीपुढे बोलायला मताचा हक्क लागत नाही. आमच्यात एक सिटिझन, एक ग्रीन कार्डवाली, आणि आम्ही दोघी अजून व्हिसावर, दिवसभरात कोणीही स्टेटस विचारलं नाही. राहता कुठे एवढं मात्र प्रत्येक ठिकाणी विचारतात, कारण त्यांना बघायचं असतं की तुम्ही त्यांच्या लेजिस्लेटिव्ह डिस्ट्रिक्टमधले, म्हणजे मतदारसंघातले, आहात का. पगार न घेता आपल्या मुलासाठी बोलायला गेलेल्याला लॉबिस्ट म्हणून नाव नोंदवावं लागत नाही. घर स्वतःचं असो की भाड्याचं, प्रॉपर्टी टॅक्स शेवटी आपल्याच खिशातून जातो आणि शाळेची लोकल लेव्ही, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेला शाळेचा जादा कर, त्यातूनच येते, तेव्हा संकोच करायचं काहीच कारण नाही.

आता आम्ही का गेलो ते. दर वर्षी फॉलमध्ये किंवा विधिमंडळाच्या सेशनच्या तोंडावर स्कूल बोर्ड एक पान मंजूर करतं, लेजिस्लेटिव्ह प्रायॉरिटीज म्हणून, म्हणजे स्टेटकडून आम्हाला यंदा काय हवंय. आमच्या डिस्ट्रिक्टच्या पानावर चार गोष्टी होत्या: स्पेशल एज्युकेशन, रोजचा चालू खर्च, स्कूल बस, आणि इमारतींचे बॉन्ड, म्हणजे बांधकामासाठी काढायचं कर्ज. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सरकारी कागद वाटला होता. पण माझ्या मुलाला किंडरगार्टनपासून आयईपी, म्हणजे स्पेशल एज्युकेशनचा त्याच्यापुरता आखलेला प्लॅन, आहे, स्पीच आणि थोडी वर्गातली मदत, आणि आम्ही गेलो त्याच्या आदल्या वर्षी त्याच्या वर्गातल्या पॅराची, म्हणजे मदतनीस शिक्षिकेची, जागा कित्येक महिने रिकामी होती. तेव्हा मिटिंगमध्ये विचारलं की असं का, तर उत्तर आलं बजेट. मग बजेट म्हणजे काय ते खोदत गेले आणि त्या पानाच्या पहिल्या ओळीपाशी येऊन थांबले.

ती ओळ अशी. आयईपी असलेल्या प्रत्येक मुलामागे स्टेट डिस्ट्रिक्टला जादा पैसे देतं, पण त्या मुलांच्या टक्केवारीला मर्यादा होती. आधी काही वर्षं 13.5 टक्के, मग 2023 ला 15, 2024 ला 16. समजा डिस्ट्रिक्टमध्ये 20 हजार मुलं आहेत, तर 16 टक्क्यांनी 3,200 मुलांचे जादा पैसे येणार. आणि प्रत्यक्षात आयईपी 3,500 मुलांना असेल तर वरच्या 300 मुलांसाठी स्टेटकडून ते जादा पैसे शून्य. पण कायद्याने सर्व्हिस तर द्यावीच लागते, ती कोणाला नाकारता येत नाही, मग ते पैसे लोकल लेव्हीतून काढायचे म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी मुलाच्या वाट्यातून. फेडरल सरकारने 1975 च्या कायद्यात राष्ट्रीय सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत भार उचलायचं म्हटलं होतं, तिथवर आजपर्यंत कधीच पोचलेलं नाही.

दुसरी ओळ चालू खर्चाची, त्याला तिथे सगळे एमएसओसी म्हणतात. वीज, इन्शुरन्स, पुस्तकं, सॉफ्टवेअर, छताची दुरुस्ती, सगळं त्यात. प्रत्येक मुलामागे ठरलेला आकडा येतो आणि इन्शुरन्सची बिलं त्या आकड्याच्या कितीतरी पुढे पळतात. स्टेटचं सूत्र कसं चालतं याचं मला सगळ्यात लक्षात राहिलेलं उदाहरण नर्सचं आहे. जुन्या सूत्रात 400 मुलांच्या एलिमेंटरी शाळेला 0.076 नर्स धरली होती, म्हणजे हिशोब केला तर 5 हजारांहून जास्त मुलांमागे एक नर्स. 2022 च्या कायद्याने तो आकडा टप्प्याटप्प्याने वाढवला, आणि तो वाढला कारण पालक आणि शाळेतले लोक वर्षानुवर्षं तिथे जाऊन हाच एक आकडा सांगत राहिले. मला जायचं बळ त्यातून मिळालं.

तर निघालो सकाळी साडेसहाला. इस्टसाइडवरून साधारण 70 मैल आहे पण मैलांवर जाऊ नका. गाडीत चौघी होतो म्हणून एचओव्ही लेन, एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांची, मिळाली आणि टॅकोमापर्यंत बरं गेलं, नंतर मिलिटरी बेसपासून निस्क्वालीपर्यंत गाडी नुसती सरकत होती. नऊची भेट असेल तर सहाला निघा. आय-5 वर एक्झिट 105 घ्यायचा, पाटीवर स्टेट कॅपिटल लिहिलेलं आहे. पार्किंगला पैसे पडतात आणि सेशनच्या दिवसांत लवकर भरतं, आम्हाला लांब लावावी लागली आणि भुरभुर पावसात चालत यावं लागलं. टाचेचे शूज नकोत, दिवसभर एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये चालणं होतं. हुडवाला रेनकोट घ्या, छत्री आतमध्ये सांभाळत बसावी लागते. ऑलिम्पियातल्या सिटी बस फुकट आहेत, म्हणजे गाडी दूर लावूनही येता येईल. डबा न्या. आम्ही पोळीचे रोल आणि चिवडा नेला होता, दोन भेटींच्या मधे 20 मिनिटं मिळतात त्यात रांगेत उभं राहून काही घेणं होत नाही.

भेटी आधी ठरवून जा. निदान दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा, त्यात तुमचा पत्ता, किती जण, आणि कुठल्या विषयावर ते एका ओळीत. प्रत्येकाला एक सिनेटर आणि दोन रेप्रेझेंटेटिव्ह असतात, एकूण 49 डिस्ट्रिक्ट. इथे एक घोळ होतो, स्कूल डिस्ट्रिक्ट आणि लेजिस्लेटिव्ह डिस्ट्रिक्टच्या हद्दी वेगळ्या असतात, त्यामुळे आमच्या चौघींची मुलं एकाच डिस्ट्रिक्टच्या शाळांत असून आमचे आमदार दोन वेगवेगळ्या सेटमधले निघाले. हे उलट चांगलं पडलं कारण दारं जास्त उघडली.

भेट 15 मिनिटांची, त्यातली 5 हवामान आणि हाय-हॅलोत जातात. आमच्या पहिल्या भेटीत आम्ही पानावरच्या चारही गोष्टी सांगायला गेलो आणि एकही धड झाली नाही, ते मान डोलावत राहिले आणि वेळ संपला. बाहेर पॅसेजमध्ये उभं राहून ठरवलं की दर भेटीत एकच विषय आणि एकच जण बोलणार. दुसऱ्या भेटीला आमदार नव्हत्याच, सभागृहात मतदान चालू होतं, त्यांची असिस्टंट भेटली. असिस्टंट भेटली म्हणून अजिबात वाईट वाटून घेऊ नका. त्या मुलीने वही काढून प्रत्येक आकडा लिहून घेतला, 16 टक्क्यांच्या वरची मुलं किती, त्यांचे पैसे कुठून काढता, पॅराची जागा किती दिवस रिकामी. मी तिला सांगितलं की जागा रिकामी होती त्या महिन्यांत माझा मुलगा घरी येऊन एकच वाक्य बोलायचा, "आज कोणी आलं नाही." तिचं पेन थांबलं. मग तिने विचारलं, हे तुम्ही लिहून पाठवाल का. ही भेट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण कागद पुढे नेणारी माणसं हीच.

कमिटीचं हिअरिंग ही वेगळी गोष्ट आहे. हाउसच्या कमिट्या ओब्रायन बिल्डिंगमध्ये, सिनेटच्या चेरबर्गमध्ये. शाळेचं बिल आधी एज्युकेशन कमिटीत जातं, मग पैशाचं असेल तर हाउसमध्ये अप्रोप्रिएशन्स आणि सिनेटमध्ये वेज अँड मीन्स, आणि बरीच चांगली बिलं एज्युकेशनमधून सुखरूप निघून पैशाच्या कमिटीत अडकतात. म्हणून दुसऱ्या टप्प्याला जाणं जास्त गरजेचं, तेव्हा पालक कमी असतात. बोलायला एक-दोन मिनिटं मिळतात. मी घरी घड्याळ लावून सहा वेळा वाचून गेले होते. मुलाचं नाव घेऊ नका, शाळेचं नाव शक्यतो टाळा, कारण सगळं रेकॉर्ड होतं, टीव्हीडब्ल्यू या विधिमंडळाचं कामकाज दाखवणाऱ्या चॅनलवर राहतं आणि तुम्ही भरलेली माहिती पब्लिक रेकॉर्डमध्ये जाते. "माझा मुलगा, दुसरीत आहे" एवढं पुरतं.

ज्यांना सुट्टी काढता येत नाही त्यांनी तर हे वाचाच. जाण्याची गरजच नाही असं नाही म्हणणार मी, पण झूमवरून बोलता येतं, हिअरिंगच्या एक तास आधीपर्यंत नाव नोंदवायचं. बोलायचंही नसेल तर बाजूने की विरोधात एवढं क्लिक करता येतं, त्याला दोन मिनिटं लागतात आणि त्याची मोजणी होते. लेखी म्हणणं हिअरिंग सुरू झाल्यापासून 24 तासांत देता येतं. शाळेच्या पिकअपच्या रांगेत गाडीत बसून होण्यासारखं काम आहे.

दुपारी थोडा वेळ मिळाला तेव्हा आम्ही विधिमंडळाच्या मुख्य डोमवाल्या बिल्डिंगच्या बाहेर पायऱ्यांवर गेलो. पायऱ्या 42 आहेत, वॉशिंग्टन 42 वं राज्य म्हणून. डोम 287 फूट उंच, आत रोटंडात, म्हणजे डोमखालच्या गोल दालनात, 5 टनांचं झुंबर आहे, ते बघाच, मान दुखेपर्यंत बघा. आणि बरोब्बर समोर टेम्पल ऑफ जस्टिस, राज्याचं सुप्रीम कोर्ट. दोन्ही बिल्डिंग एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत आणि आपल्या मुलांच्या शाळांचं भांडण याच मोकळ्या जागेच्या दोन टोकांना चाललं होतं. 2007 ला मॅक्लिअरी कुटुंबाने आणि इतरांनी स्टेटवर केस केली की शाळांना पुरेसे पैसे देत नाही. 2012 च्या जानेवारीत कोर्टाने निकाल दिला की स्टेट आपलं घटनात्मक कर्तव्य पाळत नाहीये. तरी हलेनात, तेव्हा 2015 च्या ऑगस्टपासून कोर्टाने दिवसाला 1 लाख डॉलर दंड लावला, तो साठत 10 कोटींच्या वर गेला. 2018 ला केस बंद झाली. म्हणजे केस झाली तेव्हा पहिलीत असलेलं मूल ती बंद होईपर्यंत शाळा संपवून बाहेर पडलं.

ज्या कलमावर ही केस उभी राहिली ते 1889 च्या घटनेतलं, नववं आर्टिकल, पहिलंच सेक्शन. राज्याचं सर्वोच्च कर्तव्य म्हणजे आपल्या हद्दीत राहणाऱ्या सगळ्या मुलांच्या शिक्षणाची भरपूर तरतूद करणं. राहणाऱ्या, असं आहे. नागरिक असलेल्या, असं नाही. आणि पुढे वंश, रंग, जात, लिंग यावरून भेद न करता, त्यात जात हा शब्दसुद्धा आहे, इंग्रजीत कास्ट असाच लिहिलेला. माझ्या अंगावर काटा आला. आमच्यातल्या एकीचं माहेर पुण्याचं, ती म्हणाली अगं याच्या सातच वर्षं आधी, 1882 ला, जोतिरावांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं होतं, ते काय वेगळं होतं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर, तो आधी खेड्यातल्या प्राथमिक शाळांवर करा, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. म्हणजे सरकारी कमिशनपुढे जाऊन शाळेच्या पैशाचा हिशोब मागणं आपल्याला काही परकं नाही. आम्ही चौघी तिथे पावसात बराच वेळ उभ्या होतो.

लेव्हीबद्दल थोडं, कारण घरी परतताना गाडीत त्यावरच वाद झाला. मॅक्लिअरीनंतर 2017 ला स्टेटने स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स वाढवला आणि लोकल लेव्हीवर कमाल मर्यादा घातली, नंतर ती जरा सैल केली. लेव्हीला मतदानात साधं बहुमत पुरतं, 2007 च्या घटनादुरुस्तीपासून. इमारतींच्या बॉन्डला मात्र अजून 60 टक्के लागतात, म्हणजे 59 टक्के लोक हो म्हणाले तरी शाळा बांधली जात नाही. माझं मत स्पष्ट आहे, हे बदलायला हवं. पण त्याला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि मग मतदारांचा कौल लागतो, त्यामुळे त्या विषयावर जाणार असाल तर एका वर्षात काही होईल असं धरून जाऊ नका, आणि तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये थोडक्यात पडलेल्या बॉन्डचे आकडे घेऊन जा.

रात्री मुलाला झोपवून मी त्या असिस्टंटला मेल लिहिला, आकडे, ते एक वाक्य, आणि डिस्ट्रिक्टचं पान जोडून. थँक यूचा मेल 24 तासांच्या आत टाकाच.

एप्रिलअखेर सेशन संपलं. त्या वर्षी स्टेटपुढे अब्जावधी डॉलरची तूट होती, तरी स्पेशल एज्युकेशनची 16 टक्क्यांची मर्यादा काढून टाकणारं बिल पास झालं आणि गव्हर्नर फर्ग्युसन यांनी सही केली. चालू खर्चाचे पैसेही थोडे वाढले. बॉन्डचे 60 टक्के जसेच्या तसे.

सेशन दर वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं, विषम वर्षी 105 दिवस आणि तेव्हाच दोन वर्षांचं मोठं बजेट होतं, सम वर्षी फक्त 60 दिवस. सम वर्षी जाणार असाल तर भेटी डिसेंबरमध्येच मागा, फेब्रुवारीपर्यंत अर्ध्या बिलांची मुदत संपलेली असते. आणि उन्हाळ्यात आमदार आपापल्या गावी असतात, तेव्हा कॉफीला बोलावलं तर 15 मिनिटांऐवजी तासभर मिळतो. आम्ही जुलैत तसंच केलं, लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये, आणि या वेळी चौघींऐवजी अकराजणी होतो.