मानेला टोचणारा केस

लोकरीचा माझा एक जुना स्वेटर मानेपाशी सतत टोचत असे. परवा चिमट्याने ते टोचणारे उपटून उजेडात धरले, तर तो नखाएवढ्या लांबीचा, ठिसूळ आणि खडूसारखा पांढरा केस निघाला. स्वेटर गडद निळा असला तरी या केसाने रंग धरलाच नव्हता. लोकरीच्या व्यवहारात असा केस दोष मानला जातो; मला मात्र त्याचे कूळ ठाऊक असल्यामुळे तो लगेच फेकून देववेना.

रानमेंढीकडे पाहून ती लोकरीचे जनावर आहे, असे मनातही येत नाही. तिच्या अंगावर अशाच राठ केसांचे आवरण असते आणि त्याखाली थंडीपुरती वाढलेली आखूड, मऊ लोकर उन्हाळ्याच्या तोंडावर आपोआप झडून जाते. पश्चिम आशियातील डोंगरांत राहणाऱ्या मूफ्लॉन या रानमेंढीला माणसाने सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसाळवले. तिच्याप्रमाणेच पाळीव मेंढीच्या पेशीतही ५४ गुणसूत्रे असतात, तर उरियल या दुसऱ्या रानमेंढीत ती ५८ आणि पामीरच्या थोराड अर्गलीत ५६ असतात. सुरुवातीला माणसाला हवे होते ते मांस. लोकरीचा लोभ बराच नंतरचा. पुढे राठ केस कमी असलेली आणि लोकर न गाळणारी जनावरे पिढ्यान्‌पिढ्या निवडून आपण अशी मेंढी घडवली, की कातरणीवाचून तिची सुटकाच नाही. न्यूझीलंडमधला एक मेरिनो मेंढा कळपातून निसटून सहा वर्षे गुहांच्या आडोशाने राहिला आणि २००४ साली सापडला, तेव्हा त्याच्या अंगावरून २७ किलो लोकर उतरली.

जुन्या वळणाच्या मेंढ्यांचे मात्र असे होत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर समुद्रात असलेल्या सेंट किल्डा बेटांपैकी हिर्टा हे बेट १९३० साली माणसांनी सोडले आणि १९३२ साली शेजारच्या सोए बेटावरील १०७ मेंढरे तिथे आणून सोडण्यात आली. तेव्हापासून त्यांना ना मेंढपाळ, ना टाकलेला चारा. लहान चणीच्या, बहुधा तपकिरी रंगाच्या या सोए मेंढ्यांची लोकर उन्हाळ्याच्या सुमारास सुटी होऊन लोंबू लागते आणि हाताने ओढली तरी निघते. कुत्र्याने हाकायला घेतले, तर एकवटण्याऐवजी त्या चौफेर पांगतात. ‘मेंढरांमागून मेंढरे’ असे म्हणणाऱ्याने त्या पाहिल्या नसाव्यात. अर्थात हे स्वातंत्र्य स्वस्त नाही, कारण एखाद्या वाईट हिवाळ्यात अर्ध्याहून अधिक कळप उपासमारीने मरतो.

ऑर्कनी द्वीपसमूहातील नॉर्थ रोनाल्डसे बेटावरची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे १८३२ साली बेटाभोवती दगडी भिंत बांधून मेंढ्यांना शेतांबाहेर, किनाऱ्यावर ठेवण्यात आले. त्या समुद्रशेवाळ खाऊ लागल्या. ओहोटीला चरायचे आणि भरतीला रवंथ करायचा, असे त्यांचे घड्याळच झाले. शेवाळातून तांबे फारच कमी मिळते, म्हणून त्यांचे शरीर मिळेल तो कण शोषून घेण्यात इतके तरबेज झाले, की नेहमीच्या हिरव्या कुरणावर दीर्घकाळ चरल्यास त्यांना तांब्याची विषबाधा होऊ शकते.

तो पांढरा केस काळ्या वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवून मी स्वेटर पुन्हा अंगात घातला. आता डाव्या बाजूने दुसरा टोचतो आहे.